कोणाचो रे तू?

आमच्या ऑफिसात ताईची खुर्ची म्हणजे बॅगा ठेवायची जागा. डबे, छत्र्या, माझी ओढणी, बॉसचं हेल्मेट, सगळं तिथेच. ताई त्या खुर्चीत बसायचीच नाही ना! टेबलाशी उभी राहून काम करायची, एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर. जरा वेळ झाला की खिडकीपाशी जायची, तिथून पाण्याच्या कूलरपाशी, तिथून माझ्या मागे येऊन उभी राहायची. मी वैतागून म्हणायचे, "अगं बाई, बस ना जरा, मला चक्कर येते तुझ्याकडे बघून." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "बसलं की डोळा लागतो गं. डोळा लागला की कोणीतरी आत येतं."

आमचं ऑफिस म्हणजे घाटकोपरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली फरसाणाचा कारखाना. दिवसभर बेसनाचा वास, आणि संध्याकाळी केसांनाही तोच. आम्ही वेबसाइट बनवायचो. दवाखाने, क्लासेस, हाउसिंग सोसायट्या, केटरर, असली गिऱ्हाइकं. वेबसाइट मी मांडायचे, बॉस गिऱ्हाइकं आणायचा आणि ताई आडवी यायची. हे बॉसचं वाक्य आहे, माझं नाही.

ताईचं काम होतं प्लगिन तपासणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिच्याच शब्दांत सांगते. वेबसाइट म्हणजे रिकामा फ्लॅट. तो एकट्यानं काही करत नाही. मग तुम्ही बाहेरून तयार माणसं आणून ठेवता. एक फॉर्म भरून घेतो, एक फोटो सरकवतो, एक अपॉइंटमेंट देतो. ही माणसं म्हणजे प्लगिन. कुठल्यातरी देशातल्या कोणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर, एक बटण दाबलं की तुमच्या घरात. "आणि आपण सोसायटीत भाडेकरू ठेवताना काय करतो?" ताई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायची. "पोलीस व्हेरिफिकेशन करतो, आधार कार्ड मागतो, लग्न झालंय का विचारतो, मटण खातो का तेसुद्धा विचारतो. आणि इथे सगळ्या चाव्या हातात द्यायच्या, बटण दाबून? वाट लागेल ना!"

तिची माणसं मालवणकडची. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर लालबाग सुटलं आणि ती दोघं भांडुपला आली. आई नव्हती, ताईनं लग्न केलं नव्हतं. मी एकदाच तिच्या घरी गेले होते. दार वाजवून ताईला हाक मारली तर आतून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "कोणाचां गो तू?" मी नाव सांगितलं. "नाव नको. कोणाचां?" मग मी माझ्या वडिलांचं नाव, आजोळ, गाव, सगळी वंशावळ बंद दारापुढे उभं राहून सांगितली, तेव्हा कडी निघाली. आत ताई पोटभर हसत होती. गावाकडे ओळखीची हीच पद्धत, ती म्हणाली. तू कोण, हे कोणी विचारत नाही. तू कोणाचा, ते सांग. एकदा ते कळलं की मग जेवूनच जायचं.

तोच प्रश्न ती प्लगिनला विचारायची. अगदी मोठ्यानं, स्क्रीनकडे वाकून. "कोणाचो रे तू?" मग तिची चौकशी सुरू. लिहिलं कोणी, शेवटचा हात कधी लावला, काही बिघडलं तर फोन उचलणारं कोणी आहे का, आणि आत येऊन काय काय मागतोय. "फोटो सरकवायला आलास ना? मग मेल्या, तुला सगळ्यांचे पासवर्ड कशाला हवेत?" असं ती चारचौघांत स्क्रीनवर ओरडायची आणि खालचे फरसाणवाले वर येऊन विचारायचे, मॅडमला काही झालं का.

लिहिणाऱ्यांना ती मेल करायची. विषय एकच, 'आपण जिवंत आहात का?' इंग्रजीत लिहायची, पण विचारणं अस्सल भांडुपचं. कित्येकांची उत्तरं यायचीच नाहीत. "मेला बहुतेक," म्हणायची आणि ते प्लगिन बाद करायची. एकदा कुठल्या तरी थंड देशातल्या एकानं उत्तर पाठवलं, जिवंत आहे, पण मुलगी झालीये, झोप मिळत नाही. सोबत टोपडं घातलेल्या बाळाचा फोटो. ताई खूश! फोटो ऑफिसभर दाखवला, त्याला वावडिंगाचं पाणी कसं द्यायचं ते कळवलं, आणि प्लगिन नामंजूर केलं. बॉस हैराण. "अगं, चांगलं आहे ना ते?" तर म्हणे, "चांगलंच आहे. पण पोरगी रात्रभर झोपेपर्यंत नको. जागरण झालेल्या माणसाच्या हातून कडी उघडी राहते."

कडीचं तिला वेडच होतं. घराला कुलूप लावून खाली आली की परत वर जाऊन ओढून बघायची. रस्त्यानं चालताना बंद दुकानांच्या शटरची कुलपं हलवायची. माझ्या तर जिवाचं पाणी व्हायचं, कोणी बघितलं तर चोर म्हणून धरतील! आणि सोसायटीच्या गेटवर व्हिजिटर रजिस्टर दिसलं की तिच्या अंगात यायचं. नावाच्या रकान्यात ती स्वच्छ मराठीत लिहायची, 'चोर'. कोणाकडे? 'सगळ्यांकडे'. काम? 'नेहमीचं'. वॉचमन मान हलवून आत सोडायचा. एकानंही कधी अडवलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर ती पहिलं हेच सांगायची आणि मग म्हणायची, "तुमच्या वेबसाइटचं पण असंच आहे."

सांताक्रूझच्या एका दातांच्या डॉक्टरांचं तिनं कसं केलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या साइटवर पेशंटला दात सोडून रमी दिसायला लागली. अपॉइंटमेंटवर दाबलं की पत्ते! डॉक्टरांच्या भाच्यानं कुठलंसं महागडं प्लगिन चोरीच्या जागेवरून फुकटात उतरवून घातलं होतं, आणि त्याच्या पोटात बसून जुगारवाले आत आले होते. डॉक्टर म्हणाले, फुकट मिळत होतं, घेतलं, त्यात काय? ताई त्यांच्या खुर्चीभोवती फेऱ्या मारत होती. थांबली आणि म्हणाली, "डॉक्टर, रस्त्यावर पडलेली कवळी कोणी उचलून तोंडात घालतं का?" डॉक्टरांचा चेहरा असा झाला की मला कंपाउंडरच्या मागे तोंड लपवून हसावं लागलं. त्यानंतर ते जन्माचे आमचे झाले.

ही अशी बाई. आणि हिच्या हातून ते झालं.

मुलुंड पूर्वेला एक निवृत्त शिक्षिका पुनर्विवाहाचं ब्युरो चालवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. घटस्फोट झालेले, जोडीदार गेलेले, अशांसाठीच. बाई एकेकाला फोन करून, घरी बोलावून, चहा पाजून मगच नोंदणी करायच्या. वेबसाइट आमच्याकडे आली तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "माझ्याकडच्या काही मुली घरातून जीव घेऊन निघाल्या आहेत. स्थळाला नाव आणि फोटो दिसू दे. पत्ता माझ्याशिवाय कोणाला दिसता कामा नये." ताई म्हणाली, "बाई, दिसणार नाही. माझा शब्द."

फॉर्म भरून घ्यायला प्लगिन हवं होतं. ताईनं ढीगभर बघितली आणि ढीगभर हाकलली. शेवटी एक सापडलं, नेटकं, हलकं, आणि लिहिणारा चक्क कांदिवलीचा. मालवणी आडनाव वाचून ताईचे डोळे चमकले. तिनं फोनच लावला. "कोणाचो रे तू?" पलीकडून त्या मुलानं आजोबांचं नाव सांगितलं आणि झालं! पुढचा अर्धा तास फणस, गावचा एसटी स्टँड, कोणाची विहीर कोणी बुजवली. तिच्या मामाच्या वाडीच्या शेजारची वाडी निघाली त्याची. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा माहेरी जाऊन आल्यासारखा दिसत होता. "घाल गं," ती मला म्हणाली. "आपलोच आसा."

आणि खुर्चीवरच्या बॅगा बाजूला करून ती बसली. मला ते इतकं विचित्र वाटलं की अजून डोळ्यांसमोर आहे.

आता ताईचा नियम असा, की कुठल्याही प्लगिनची नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून चौकशी. पण या एकाला तिनं सूट दिली. नवं काही आलं की आपोआप बसू दे, असं करून ठेवलं. घरच्या माणसाला कोणी दर वेळी बेल वाजवायला लावतं का?

वर्ष-दीड वर्ष सुखात गेलं. बाईंची काही लग्नंही जमली, पेढे आले. मग एका शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला. मीच उचलला. त्यांच्याकडची एक मुलगी, मुलगी म्हणजे पस्तिशीची, एक लहान लेक असलेली, बोरिवलीला राहणारी. तिच्या आधीच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला होता, म्हणून ती निघाली होती. घटस्फोट झाला तरी तो शोधत होता. त्या दिवशी तिच्या मोबाइलवर त्याचा मेसेज आला. आमच्या साइटवर तिनं भरलेल्या फॉर्मचाच फोटो. खाली लिहिलं होतं, 'नवीन फोटो छान आहे. येतो भेटायला.' तिनं रडत रडत बाईंना एवढं सांगितलं आणि त्यानंतर तिचा फोन बंद.

मी फोन स्पीकरवर टाकला होता. ताईनं पुढचं ऐकून घेतलंच नाही. तिनं स्वतःच्या नावानं पूर्वी भरून ठेवलेला चाचणीचा फॉर्म उघडला. वरच्या पट्टीत साइटचा पत्ता होता आणि त्याच्या शेवटी फॉर्मचा नंबर. हे असं नंबर दिसणं नवीन होतं, आधी नव्हतं. तिनं नंबरातला शेवटचा आकडा खोडला, दुसरा टाकला आणि एंटर दाबलं.

एक अनोळखी बाई आमच्याकडे बघून हसत होती. खाली जन्मतारीख, नोकरी, फोन आणि घराचा पत्ता, मजल्यासकट.

आकडा बदलला, दुसरी बाई. आकडा बदलला, एक गृहस्थ. त्या नवऱ्यानं दुसरं काहीच केलं नव्हतं. खोट्या नावानं साइटवर नुसता फॉर्म भरून, बाईंच्या चहापर्यंत न जाताच, एक लिंक मिळवली होती आणि शांतपणे आकडे बदलत बसला होता, बायको सापडेपर्यंत.

ताईनं कांदिवलीच्या त्या मुलाला फोन लावला. तो आता परदेशात होता, नोकरीला. तिथे सकाळ होती, हसतच बोलला. ताईनं प्लगिनचं विचारलं तर म्हणाला, "ताई, तां मी कधीच इकलंय. कोणी कंपनी आसा. तुका सांगूचां रवलां." त्याला काही कल्पनाच नव्हती. विकत घेणाऱ्या नव्या मालकानं आल्या आल्या फॉर्म शेअर करायची सोय घातली होती, आणि ते आपोआप आमच्याकडे येऊन बसलं होतं. ताईनं फोन टेबलावर ठेवला. "कोणाचा ते विचारलं मी," ती म्हणाली. "एकदाच विचारलं."

तिनं साइट बंद केली. तेवढ्यात बॉस धावत आला. दुसऱ्या दिवशी रविवारी मुलुंडला ब्युरोचा मेळावा होता, लोक साइटवरून नावं नोंदवत होते. "अगं ताई, काय करतेस! आधी ते दुरुस्त कर ना गपचूप. आणि हे बघ, गळती-बिळती असला शब्द कोणापुढे काढू नकोस हां. मेंटेनन्स चाललंय म्हण. आपलं नाव खराब होईल यार."

ताई चप्पल शोधत होती. एक सापडत नव्हती, टेबलाखाली लाथेनं दूर गेली होती. "तू काय वाट्टेल ते म्हण," ती म्हणाली. "साइट बंद करून गेलेला पत्ता परत येतो का? तो माणूस निघाला असेल." मग माझ्याकडे वळली. "चल."

पत्ता बाईंना विचारायची गरजच पडली नाही. साइट बंद करायच्या आधी आकडे बदलता बदलता तो आम्हालाही सापडला होता.

घाटकोपरहून बोरिवली. रिक्षावाल्यानं लिंक रोड धरला आणि पवईला गाडी जी अडकली ती अडकलीच. मेट्रोच्या कामाचे पत्रे, डंपर, हॉर्न. ताई रिक्षात बसू शकत नव्हती आणि उभीही राहू शकत नव्हती. अर्धी बाहेर लोंबकळत होती. रिक्षावाला ओरडला, "मॅडम, अंदर बैठो, गिर जाओगे!" ती दर मिनिटाला त्या मुलीचा नंबर लावत होती. बंद. मी पोलिसांना फोन केला, त्यांनी पत्ता लिहून घेतला, बघतो म्हणाले. मला खरं तर भीती वाटत होती. पोचून आम्ही करणार काय? आम्ही दोघी, एक कीबोर्डवाली आणि एक चप्पल उलटी घातलेली. हो, घाईत उलटी घातली होती तिनं, डावी उजवीत. मी सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. चालतेय ना."

त्या मुलीची सोसायटी चांगली सात मजली. गेटवर वॉचमन मोबाइल बघत होता. ताईनं विचारलं, अमुक फ्लॅटमध्ये कोणी आलं होतं का? "हां, दोपहर को एक साहब आये थे. बोले भाई है. मॅडम थी नहीं, बोले शाम को फिर आता हूँ."

"कोणाचा भाऊ? विचारलंस?"

"बोले ना, मॅडम का."

त्यानं ताईला रजिस्टर पुढे केलं. सवयीनं तिनं पेन उचललं, नावाच्या रकान्याशी नेलं आणि तिथेच थांबली. मग तिनं स्वतःचं खरं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला ते लिहिताना बघितलं. कामाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

पाचव्या मजल्यावर जाळीचं सेफ्टी डोअर, आतलं दार बंद. बेल वाजवली. मग दाराच्या मागून आवाज, "कोण?"

जगाला हा प्रश्न विचारत फिरणारी बाई, तिला उत्तर सुचेना. शेवटी म्हणाली, "बाईंच्या वेबसाइटचं काम मी बघते."

"मला कसं कळणार? वॉचमन म्हणाला, तोही भाऊ म्हणूनच आला होता."

"बरोबर," ताई एकदम म्हणाली. "अगदी बरोबर. उघडू नकोस. मी काहीही सांगितलं तरी उघडू नकोस, ऐकलंस? फोन चालू कर आणि बाईंना विचार. आणि आणखी एक सांगते, ते ऐक. तुझा पत्ता माझ्यामुळे गेला. त्या प्लगिनला आत मीच घेतलं होतं, आणि नंतर बघितलंच नाही." एवढं बोलून तिनं जाळीला कपाळ टेकवलं आणि हळूच म्हणाली, "माझां चुकलां गो."

आतून लहान मुलीचा आवाज आला, मम्मी कोण आहे, आणि तिला कोणीतरी गप्प केलं. आणि तेवढ्यात लिफ्ट आली.

मला वाटलं होतं कोणीतरी लालबुंद डोळ्यांचा, दारू प्यालेला येईल. कसला काय! इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा खोका. आम्हाला बघून हसला. "एक्सक्यूज मी," म्हणाला आणि बेलकडे हात नेला. ताई त्याच्या आणि बेलच्या मधे उभी राहिली.

"कोणाचो रे तू?"

"काय?"

"कोणाचा तू? कोणाकडे आलास?"

"मी घरचाच आहे. मुलीचा पप्पा. तुम्ही कोण?"

"घरचा आहेस तर घरातल्यांनी बोलावलं असेल ना. त्यांना सांगू दे."

तो अजून हसत होता, पण जबडा आवळला होता. "ताई, हा आमच्या घरातला मामला आहे. बाजूला व्हा." त्यानं तिच्या खांद्याला हात लावला, अगदी हळू, पण तिला भिंतीकडे सरकवलं. मी किंचाळले की काय मला आठवत नाही. ताईनं काय केलं, तर ती त्याच्या हाताखालून निसटली आणि मजल्यावरच्या सगळ्या बेला दाबत सुटली. समोरची, कोपऱ्यातली, लिफ्टजवळची. दारं उघडली. कणकेच्या हातांनी एक गुजराती काकी आली, लुंगीतले एक आजोबा आले, कोणीतरी टीव्ही तसाच चालू ठेवून आलं. "ह्याला ओळखता?" ताई ओरडत होती. "ह्याला कोणी ओळखतं का? हा म्हणतो घरचा आहे! विचारा ह्याला, कोणाचा!"

काकी कणकेचा हात उगारून म्हणाली, "ए भाई, कौन है तू? हमारे फ्लोर पे तो कभी देखा नहीं!" लोकांपुढे त्याचा इस्त्रीचा चेहरा गळून पडला. त्यानं केकचा खोका भिंतीवर आपटला आणि जाळीच्या दाराला लाथ घातली. दार खणखणलं, पण कडी जागेवर होती. आतून तिचा आवाज आला, मोठा, स्पष्ट. "मी पोलिसांना फोन केलाय. येतायत."

तो जिन्यानं पळाला. लुंगीतल्या आजोबांनी वरूनच वॉचमनला हाक मारली, आणि त्या वॉचमननं, दुपारच्या त्याच वॉचमननं, गेट लावून घेतलं आणि पाठ टेकून उभा राहिला. पोलीस येईपर्यंत हलला नाही.

पुढचं नेहमीचंच. त्याला नेलं, जबाब घेतले, दम देऊन दोन दिवसांनी सोडलं. बाईंनी मेळावा रद्द केला आणि आठवडाभर एकेकाला स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं. ताईनं नोंदणी केलेल्या सगळ्यांना स्वतःच्या नावानं मेल पाठवला, मेंटेनन्सबिंटेनन्स काही नाही, 'चूक माझी आहे आणि तुमचा पत्ता बाहेर गेलेला असू शकतो' असा. बॉस महिनाभर तिच्याशी बोलला नाही. त्या प्लगिनच्या नव्या मालकाला तिनं इतके मेल केले, जिथे जिथे तक्रार करता येते तिथे तिथे इतकं भांडली, की शेवटी ते बाजारातून उठलं. मग तिनंच नोकरी सोडली. आता भांडुपच्या घरी बसून लोकांच्या प्लगिनमधली भोकं शोधते आणि कळवते. बसून म्हणजे उभी राहून. मालक बदलला की ती पहिली ओरडते. महिन्यातून एकदा मलाही मेसेज येतो, "तुझ्याकडची सगळी पुन्हा विचार गं. एकदा विचारून भागत नाही." मी चिडते आणि विचारते.

त्या मुलीला मात्र घर सोडावं लागलं. पत्ता फुटला तो फुटलाच. लेकीची शाळा बदलली, तिनं नोकरी बदलली. ताईला ते फार लागलं. वर्षभर ती म्हणत होती, एकदा भेटायचंय गं, माफी दारातून मागितली, तोंडावर मागायचीये. पुढच्या मेमध्ये गावाहून हापूसची पेटी आली तेव्हा तिनं बाईंकडून निरोप धाडला, पेटी घेऊन येते, पत्ता दे. त्या मुलीचा उलट फोन आला. मी तिथेच होते.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "पत्ता नाही देणार. तुम्हाला पण नाही. मुलुंड चेकनाक्याच्या बसस्टॉपवर भेटू या?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटून आलं असणार, पण चेहरा असा फुलला होता की मला कळेना हिला काय झालं. "शाबास," एवढंच म्हणाली.

भेटलो चेकनाक्याला. ऊन रणरणत होतं. ती मुलगी, तिची लेक, हातात हात. ताईनं माफी मागितली, ती म्हणाली, तुम्ही आलात ना पण, आणि दोघी रडल्या, आणि मग तिनं सहा आंबे काढून परत ताईच्या पिशवीत टाकले, तुमच्या बाबांना द्या म्हणून. लेक गप्पिष्ट होती. "आमच्या नवीन घरातून ना," ती सुरू झाली, "ट्रेन दिसते, आणि आम्ही ना, राहतो ना..."

ताईनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "नको गं बाय, नको सांगू!" पोरगी खुदकन हसली आणि गप्प झाली.

बस दिसली तशी ती मुलगी जरा अवघडून म्हणाली, "ताई, एक मागू? मी कुठल्या बसमध्ये चढते ते बघू नका."

ताईनं लगेच रस्त्याकडे पाठ केली. माझा दंड धरून मलाही वळवलं. समोर एका बंद दुकानाचं शटर होतं, त्याला मोठं कुलूप, आणि ताईनं त्याला हातसुद्धा लावला नाही. मागे बस थांबली, दार उघडलं, निघाली. दुसरी आली, तीही गेली. एक पाय चपलेत, एक पाय बाहेर काढून उभी राहणारी ही बाई, दोन्ही पाय जमिनीला टेकून उन्हात उभी होती, हलली म्हणून नाही.

"गेली का गं?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी कुठे बघतेय?"

"शाबास," ताई म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.